दीडशे ग्रॅमचा हिशेब

नागपूरच्या लकडगंजात लाकूड घनफुटात मोजतात आणि माणूस उधारीत. मामांचं आयुष्य या दोन मापांत गेलं. एका आरागिरणीवर ते मुनीम होते. सागवानाचे ओंडके, फळ्यांची थप्पी, कोणाची बाकी किती, सगळं तोंडपाठ. आता निवृत्त आहेत, तरी वही सुटलेली नाही. मधल्या काळात शुगर मात्र मागे लागली.

माझी ताई आहारतज्ज्ञ आहे. जूनमधल्या एका रविवारी ती मामांसाठी ब्लूबेरीचा डबा घेऊन आली. सव्वाशे ग्रॅम, तीनशे रुपये. त्याच सकाळी मामींनी दारावर आलेल्या बाईकडून जांभळं घेतली होती. दोन्ही फळं एकाच टेबलावर आली आणि वाद लागला. मी मध्ये पडलो नाही. जिथे राहवलं नाही, तिथे खाली लिहिलं आहे.

मामा : हे तीनशेचे? एवढ्यात कॉटन मार्केटातून आठ दिवसांची भाजी येते.

ताई : येते. आणि त्या भाजीतला तुम्ही बटाटा तेवढा खाता. म्हणून तर हा डबा आणला.

मामा : बरं, यात असं काय आहे जे जांभळात नाही?

ताई : दोन्हींत अँथोसायनिन आहे. फळाला निळा-जांभळा रंग येतो तो त्याच्यामुळे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते मानवतं असं दिसतं. अमेरिकेत ९३,६०० नर्सबायकांच्या खाण्याची नोंद १८ वर्षं ठेवली. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. ज्यांच्या पोटात हे द्रव्य सगळ्यांत जास्त जात होतं, त्यांच्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सगळ्यांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी निघालं. आणि त्यांना ते मिळत होतं मुख्यतः ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरीतून.

मामा : म्हणजे रंगाचीच गोष्ट आहे ना? थांब मग.

मामांनी कालचा पेपर ओढला, सुरीनं एक ब्लूबेरी मधोमध कापली आणि कागदावर दाबली. आतला गर फिकट, हिरवट-पांढुरका. कागद ओला झाला, सालीच्या कडेला किंचित निळसर रेघ उमटली, बस. मग जांभूळ घेतलं. अंगठ्यानं दाबताच गर फाटला, बी बाजूला घसरली आणि जांभळा डाग बाजारभावाच्या रकान्यातून खालच्या जाहिरातीपर्यंत उतरला. मामांचा अंगठा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

मामा : आता बोल.

ताई : बरोबर आहे तुमचं. लागवडीच्या ब्लूबेरीचा रंग सालीत असतो, गर फिका. युरोपातल्या रानात बिलबेरी मिळते, ती मात्र आतूनही जांभळी. पण मामा, पेपरवर डाग पडला म्हणून पोटात गुण आला असं होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं हीच गल्लत केली होती. परीक्षानळीत फळांचा रस घालून कोणात किती अँटिऑक्सिडंट याचे आकडे काढले, ओरॅक नावाचा मोठा तक्ता केला. कंपन्यांनी ते आकडे डब्यांवर छापले. २०१२ मध्ये खात्यानं तो तक्ता आपणच मागे घेतला. नळीतल्या आकड्यावरून माणसाच्या तब्येतीबद्दल काही सांगता येत नाही आणि आकड्यांचा गैरवापर होतोय, हे कारण दिलं.

मामा : मग पोटात गेल्यावर त्या रंगाचं होते काय?

ताई : त्यातला अगदी थोडा भाग जसाच्या तसा रक्तात उतरतो. बाकीचा मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात शिरतात. काम बहुधा तेच करतात.

मामा : तीनशे रुपये घेऊन तू ‘बहुधा’ विकून राहिली.

इथे ताई चिडेल असं वाटलं होतं. पण तिच्याकडे येणारे निम्मे लोक मामांसारखेच असतात. उरलेले निम्मे व्हॉट्सअॅपवर वाचून डबा घेऊनच येतात. तिला मामा परवडतात.

मामा : आणि त्या नर्सबाया? ज्या बाईले रोज ब्लूबेरी परवडते, ती बाकीचंही बरंच खात असन. सकाळी फिराले जात असन. बिडी-सिगारेट नसन. मग गुण फळाचा की घरच्या परिस्थितीचा?

ताई : सिगारेट, व्यायाम, वजन, बाकीचा आहार, हे सगळं त्यांनी हिशेबातून वजा केलंय.

मामा : सगळं वजा होते?

ताई : नाही होत. म्हणून नुसत्या नोंदींवर थांबत नाहीत, प्रयोग करतात. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये एक झाला. पोट सुटलेलं, बीपी-शुगर काठावर, अशी ११५ माणसं शेवटपर्यंत टिकली. काहींना रोज दीडशे ग्रॅम ब्लूबेरीइतकी पूड, काहींना त्याच्या निम्मी, काहींना त्याच रंगाची, पण ब्लूबेरी नसलेली पूड. कोणाला काय मिळालं, ते कोणालाच माहीत नव्हतं. असे सहा महिने.

मामा : मग?

ताई : दीडशे ग्रॅमवाल्यांच्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा चांगल्या फुलू लागल्या. हृदयाच्या दृष्टीनं तो खरा फायदा आहे.

मामा : निम्मीवाल्यांच्या?

ताई : नाही फुलल्या.

मामा : अन् शुगर? मले शुगर आहे, तू शुगरचं सांग.

ताई : इन्सुलिनच्या कामात काही फरक पडला नाही. दोन्ही गटांत.

मामांनी वही ओढली. माझ्या मते सगळ्या वादातली हीच जागा महत्त्वाची. फळाचे गुण सांगताना आपण ‘मूठभर’, ‘थोडंसं’, ‘रोज चार दाणे’ असं म्हणून मोकळे होतो. माप कोणी विचारत नाही. मामांनी विचारलं. रोज दीडशे ग्रॅम म्हणजे १८० दिवसांचे २७ किलो. सव्वाशे ग्रॅमचा डबा धरला तर २१६ डबे. तीनशेच्या भावानं ६४,८०० रुपये. त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वही ताईकडे फिरवली.

मामा : हे झाले सहा महिन्याचे. आणि चार दाणे खाल्ले त गुण शून्य, हे तुह्याच प्रयोगानं सांगितलं.

ताई : शून्य नाही म्हणत मी. त्या प्रयोगात दिसला नाही, इतकंच. आणि तुमच्या शुगरसाठी माझ्याकडे दुसरा कागद आहे. २०१३ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. अमेरिकेतले १,८७,३८२ लोक. आठवड्याला तीन वाट्या ब्लूबेरी जास्त खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी. द्राक्षं, सफरचंदं यांचाही फायदा दिसला, जरा कमी. आणि फळांचा रस पिणाऱ्यांत प्रमाण उलट वाढलेलं. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंज चौकात मोसंबीचा रस पिता, ते मी पाहिलंय.

मामा : बिनसाखरेचा असते.

ताई : गाळलेला असतो. चोथा फेकून दिला की फळातलं साखरपाणी तेवढं उरतं. तीच मोसंबी सोलून खा ना. माझं एवढंच म्हणणं आहे, मामा. फळ चावून खायचं, रोज खायचं, आणि कशाच्या तरी बदल्यात खायचं. समोशानंतर ब्लूबेरी खाऊन समोसा पुसला जात नाही.

मामा : ते ठीक. पण त्या दीडशे ग्रॅमच्या प्रयोगाचा खर्च कोणं दिला, ते नाही सांगितलं तू.

ताईनं सांगितलं. पैशात अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या परिषदेचा वाटा होता. ही परिषद बागायतदारांकडून पैसा जमवते, त्यातून जाहिरातही करते आणि आरोग्यावरचं संशोधनही करवते. लपवलेलं काही नाही, लेखाच्या शेवटी छापलेलं असतं.

मामा : आमच्या धंद्यात ओंडक्याचं माप विकणारा घेते. मग घेणाऱ्याचा मुनीम पट्टी घेऊन पुन्हा घेते. दोन्ही मापं जुळली की बिल बनते. यात दुसरं माप कुठं आहे?

ताई : दुसऱ्यांनी घेतलीत मापं. काही जुळली, काही नाही. शास्त्र मत बदलतंही. लघवीची जळजळ पुन्हा होऊ नये म्हणून क्रॅनबेरीचा रस द्या म्हणायचे. २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर फारसा उपयोग दिसला नाही. २०२३ मध्ये पन्नास अभ्यास हाताशी आल्यावर पुन्हा पाहिलं, तर ज्या बायकांना तो त्रास वारंवार होतो त्यांच्यात दिसला. तुमच्या भाषेत सांगायचं तर बिल दुरुस्त झालं. पण तुमच्या जांभळाचं काय? त्याचं पहिलं माप तरी कुठे आहे?

मामा : आयुर्वेदात आहे ना. शुगरवर जांभळाची बी, लहान पोरालेही ठाऊक आहे.

ताई : ठाऊक आहे आणि सिद्ध आहे यात फरक आहे. ब्राझीलमध्ये लोक जांभळाच्या पानांचा चहा शुगरवर घेतात. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचणी केली, साखर उतरली नाही. बियांवर उंदरांतले प्रयोग भरपूर आहेत. माणसांवरचे थोडे, लहान. फडताळातल्या बरणीत तुम्ही बियांची पूड ठेवलीय आणि गोळीसोबत घेता. डॉक्टरांना सांगितलंय का?

मामा काही बोलले नाहीत. मामींनी आतून उत्तर दिलं, ‘नाही.’

मामांची अडचण खरी आहे, आणि ताईचीही. जांभूळ रस्त्याच्या कडेला उभं असतं, कोणाचंच नसतं. त्याच्या बागायतदारांची तशी परिषद नाही, तेव्हा सहा महिने ११५ माणसांना पूड चारायला पैसा देणार कोण? ज्या फळाला मालक नाही, त्याच्या गुणांची चौकशी होत नाही. पण चौकशी झाली नाही म्हणून गुण आहेतच असं धरून चालणं, हाही मुनिमाला न शोभणारा हिशेब. मामांना मी हे म्हटलं असतं तर त्यांनी मला चहा आणायला पाठवलं असतं.

ताई : ब्लूबेरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रानातलीच होती, मामा. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट नावाची बाई होती, बागायतदाराची मुलगी. रानात मोठ्या दाण्याचं झुडूप शोधून देईल त्या गावकऱ्याला ती पैसे द्यायची आणि झुडपाला त्याचंच नाव ठेवायची. सरकारी शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल कलमं आणि संकर करायचा. १९१६ मध्ये लागवडीचं पहिलं पीक बाजारात गेलं. बागा आधी झाल्या, अभ्यास नंतर आले.

मामा : आपल्याकडे कोणं केलं असं?

ताई : थोडं झालंय. पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, दापोलीच्या विद्यापीठाचं ‘कोकण बहाडोली’ वाण आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला तर २०१० मध्येच मानांकन मिळालं. आपल्या चिखलदऱ्यालाही स्ट्रॉबेरी होते.

मामा : विदर्भाच्या रानात स्ट्रॉबेरी लावाची काय गरज? तू लिहून घे. दिवाळी झाली की आवळा. मग येरोण्या, मिरीएवढ्या, काळ्या, आंबटगोड. संक्रांतीले बोरं. होळीच्या आसपास शहतूत. मग टेंभरं आणि चार. मे महिन्यात फालसा, करवंदं. मृगाले जांभूळ. नोव्हेंबर ते जून, एक महिना खाली नाही. एकही विमानानं येत नाही.

यादी ऐकायला सुरेख होती. ताईनं वहीवर लिहूनही घेतली.

ताई : आता खरं सांगा. येरोण्या शेवटच्या कधी खाल्ल्या?

मामा : ...

ताई : टेंभरं?

मामा : इतवारीत एक बाई बसाची टोपलं घेऊन. बरेच वर्ष झाले.

ताई : मग कागदावरच्या फळानं तुमच्या रक्तवाहिन्या फुलणार आहेत का? ब्लूबेरी महाग आहे, कबूल. पण ती दुकानात आहे. तुमची सगळी फळं आठवणीत आहेत.

हा घाव बसला. आणि लकडगंजात बसून तो जास्तच बसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या ज्या रानांतून इथे लाकूड येत आलं, टेंभरं, चार, येरोण्या त्याच रानांतल्या. सागाच्या ओंडक्याला वाट पाहता येते. पावसात भिजला तरी त्याचा भाव बुडत नाही. जांभूळ दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. शिवाय रानातल्या कोणत्या मालाला किंमत हे फळ खाणारा ठरवत नाही. टेंभराचं झाड व्यापाराच्या दृष्टीनं तेंदूपत्त्याचं झाड. पानाला लिलाव आहे, ठेकेदार आहे, पानं गोळा करायची फळी आहे. कोवळी, रुंद पानं यावीत म्हणून झुडपं खुडतात, छाटतात, आणि छाटलेल्या झुडपाला कुठलं टेंभर? चाराचं त्याच्या उलट. बाजाराला हवी आतली चारोळी, वरचा गोड गर जंगलातच धुऊन टाकतात. आधी तोडेल त्याचं, म्हणून अनेकदा फळ पिकायच्या आत तुटतं, फांदीही मोडते. गावात बसून ही फळं खाणाऱ्याला ती फुकट आहेत. लकडगंजात ती आणायची तर पहाटेच्या बसनं टोपलं घेऊन निघणारी बाई लागते, आणि तिच्यासाठी बसायला जागा लागते. मेट्रो आली, स्टेशनं झाली. टोपलीवालीची जागा कोणत्या नकाशात आहे, मला दिसली नाही.

मामांनी मात्र हार मानली नाही, बाजू बदलली.

मामा : करवंदं मी अजून खातो.

ताई : कुठे?

मामा : पानात.

ताई : मामा! पानातली ती लाल चेरी?

मामा : ते करवंदच असते. पानवाल्यानंच सांगितलं.

ताई : करवंदच असतं. चिरून, बी काढून, रंग उडवून, लाल रंग घालून साखरेच्या पाकात मुरवलेलं. त्यात करवंदाचा फक्त आकार उरतो. तुम्हाला शुगर आहे आणि तुम्ही ते फळ म्हणून मोजता?

मामा : अन् तू मागच्या महिन्यात इतवारीतून सुकी क्रॅनबेरी आणली होती, ती?

आता ताई गप्प झाली. सुक्या क्रॅनबेरीच्या पाकिटात निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. फळ इतकं आंबट की साखरेशिवाय कोणी खाणार नाही. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक एक बरोबरी झाली.

त्यानंतरचं बोलणं जास्त कामाचं झालं, कदाचित दोघांचीही फजिती झाल्यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे, कोणतं ते सांगितलेलं नाही. ताई त्यावरून आवळ्यावर आली. याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लिहिलेलं असायचं. आपल्या पाठ्यपुस्तकांत, च्यवनप्राशच्या जाहिरातींत तोच आकडा फिरला. २०१७ मध्ये नव्यानं मोजलं तेव्हा २५२ आलं. मामांना हे फार आवडलं, दुसरं माप घेतलं म्हणून.

मामा : म्हणजे निम्म्याहून कमी निघाला आवळा.

ताई : निघाला. आणि तरी चाळीस ग्रॅमच्या एका आवळ्यात शंभर मिलिग्रॅम होतं. पुरुषाला दिवसाला ८० लागतं. ब्लूबेरीच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम दहा. या एका बाबतीत तुमचा आवळा माझ्या डब्याला पाणी पाजतो. मात्र ताजा, मीठ-हळद लावून. मुरंबा नाही.

मामा : मग हे विलायती कायले?

ताई : कारण ते वर्षभर मिळतं, धुवून तोंडात टाकता येतं, आणि त्यावर निदान काही मोजमाप झालंय. तुम्ही जुलै ते ऑक्टोबर काय खाणार? तुमच्या यादीत तो कॉलम रिकामा आहे.

मामांनी वही पाहिली. रिकामा होता. पेरू, ताई म्हणाली, शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या वर क जीवनसत्त्व, बियांसकट चावून. डाळिंब दाणे काढून, रस नाही. आणि जांभळं स्वस्त आहेत तोवर चार-पाच किलो घ्या, बिया काढून डबे भरून फ्रीझरमध्ये टाका. गोठवलं म्हणून रंग फारसा जात नाही. आठवड्यातून दोनदा वाटीभर निघेल, सप्टेंबरपर्यंत पुरेल.

मामांनी लगेच हिशेब मांडला. पाच किलो जांभळं, बी जाऊन साडेतीन किलो गर धरला, भाव अमुक. ब्लूबेरीच्या भावाच्या चौथाईलाही पोचत नव्हता. ते खूश झाले.

मामी हात पुसत बाहेर आल्या.

मामी : बिया कोण काढन?

मामा : निघतात त्या.

मामी : आपोआप? पाच किलोच्या? तुमच्या वहीत जांभळं लिहिली, भाव लिहिला. माह्या दोन दुपारा लिहिल्या काय? नखं आठ दिवस काळी राहतात. त्या पोरीनं आणलेल्या डब्यात बी नाही, ते नाही दिसलं तुमाले.

ताई हसू लागली. म्हणाली, मामी बरोबर बोलतायत, ज्याला शुगर आहे त्यानं बिया काढायच्या. तेवढाच हातांना व्यायाम.

मामांनी जांभळाच्या ढिगाकडे पाहिलं, मग डब्याकडे. म्हणाले, ‘पंधरा दिवसांतून एक डबा आणत जा. एकच. आणि बिल माह्या नावावर नको.’